नाचीला वगळून

कला ही कलेसाठी की जीवनासाठी, हा सामना फडके आणि खांडेकर यांच्या नावांनी एके काळी महाराष्ट्रात इतका रंगला, की खेडोपाडीच्या वक्तृत्वसभांतही त्यावर टाळ्या पडत. सामना अर्थातच अनिर्णित राहिला. हल्ली तोच प्रश्न नवा पोशाख चढवून पुढे येतो : समाजपरिवर्तनात कलावंताचे कार्य कोणते आणि कलासंस्थांचे कोणते? परिसंवाद भरतात, ठराव होतात, चहापान होते. या परिसंवादांत कलावंत म्हटला की लेखक, नट, चित्रकार डोळ्यांपुढे येतो, आणि समाज म्हटला की कलावंताच्या बाहेरचे उरलेले सगळे लोक. कलावंतालाही जात असते, त्यालाही उचल फेडावयाची असते, त्याचेही पोर तापाने फणफणते, हे बहुधा कोणाच्या भाषणात येत नाही. या लेखात मला त्याच बाजूने बोलावयाचे आहे, आणि त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही.

मी आळे गावचा. ज्ञानदेवांच्या रेड्याच्या समाधीमुळे हे गाव वारकऱ्यांना ठाऊक आहे. पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदविले गेले, तो रेडा परतीच्या वाटेवर येथे देह ठेवता झाला अशी श्रद्धा आहे, आणि चैत्रात त्याची यात्रा भरते. ज्याला बोलण्याचा अधिकारच नव्हता तो बोलला आणि पुढे त्याची समाधी पूजली गेली, एवढाच त्या कथेचा भाग तूर्त ध्यानात असू द्यावा. आमच्या दक्षिणेस चार-पाच कोसांवर नारायणगाव, तमाशाची पंढरी. पश्चिमेस ओतूर, जेथे सत्यशोधकांनी एके काळी सारा तालुका ढवळून काढला. आणि नाशिकच्या सडकेने उत्तरेकडे चंदनापुरीचा घाट उतरून गेले, की संगमनेरच्या अलीकडे हिवरगाव पावसा लागते. पठ्ठे बापूरावांची पवळा त्या गावची. कला आणि समाज यांच्या सोयरिकीचा आणि भांडणाचा दीडशे वर्षांचा इतिहास एवढ्या टापूत मावतो.

आरंभ जोतीराव फुल्यांपासून करावा लागतो. १८५५ साली त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. एक कुणबी, त्याची गरोदर बायको, आणि पोटातल्या गर्भाला ग्रहांची भीती घालून त्यांना नागवणारा जोशी, एवढीच कथा. मधूनमधून विदूषक बोलतो. शेवटी ते जोडपे रात्रीच्या शाळेत जाण्याचे ठरविते. जोतीरावांनी हे नाटक दक्षिणा प्राईज कमिटीकडे पाठविले आणि कमिटीने ते परत केले. त्या काळची सर्वांत वजनदार वाङ्मयसंस्था हीच. तिने नाकारलेले नाटक छापील रूपात लोकांपुढे येण्यास एकोणिसशे सत्तरचे दशक संपत आले होते. पुढे १८८५ साली पुण्यात ग्रंथकारांची सभा भरली, न्यायमूर्ती रानड्यांनी निमंत्रण धाडले, तेव्हा जोतीरावांनी येण्यास नकार दिला. ज्या सभेला आमची दुःखे ठाऊक नाहीत तिच्यात मिसळून आमचे काय भले होणार, असा त्या उत्तराचा मथितार्थ. कलासंस्था आणि समाज यांच्यावर मराठीत लिहिलेले एवढे नेमके टीकावाक्य दुसरे झालेले नाही असे मला वाटते. आणि ते संमेलनाच्या मांडवातून आलेले नाही, मांडवाबाहेरून आलेले आहे, हे विशेष.

नाटक नाकारले गेले तरी त्यातला विचार गावोगाव पोहोचावयाचा होता. तो कसा पोहोचणार? पुस्तक वाचणारे शेकड्यात दोन-चार. ओतुरास १८८४ साली बाळाजी कुसाजी पाटलांनी घरची लग्ने भटजीवाचून लावली. जोशांनी आपल्या दक्षिणेच्या हक्कासाठी कोर्टात धाव घेतली. जुन्नर भागात सावकारांविरुद्ध कुळांनी एकी केली ती याच सुमारास. गावातल्या पारावर जे वाद रंगत होते त्यांना रंगमंच हवा होता, आणि गावाला ठाऊक असलेला रंगमंच एकच होता : ढोलकी, तुणतुणे, झीलकरी आणि सोंगाड्या. ओतूरचे भीमराव महामुनी हे सत्यशोधक जलशाच्या आद्य प्रवर्तकांत गणले जातात. त्यांनी आणि त्यांच्यामागून आलेल्या शाहिरांनी तमाशाचा सांगाडा जसाच्या तसा उचलला. गण ठेवला, मात्र वंदन गणपतीऐवजी निर्मिकाला, सत्याला. बतावणी ठेवली, कारण भटजीची आणि सावकाराची टोपी उडविण्यास तिच्यासारखे हत्यार नाही. वग ठेवला, मात्र राजा-राणीच्या जागी कर्जात बुडालेला कुणबी आणून बसविला.

वाङ्मय म्हणून या जलशांची किंमत काय? माझे मत सांगतो. कागदावर वाचू गेल्यास ते बरेचसे कच्चे वाटतात. पात्रे एकरंगी, भटजी पहिल्या वाक्यापासून लुच्चा, पाटील शेवटच्या वाक्यापर्यंत भाबडा. पद्यरचनेत उपदेश फार. पण जलसा कागदावर वाचण्याची चीजच नव्हे. सवालाला जबाब देताना सोंगाड्या समोर बसलेल्या गावच्याच माणसाकडे बोट करी, त्या क्षणी होणारे नाट्य छापता येत नाही. लोकांनी आपलेच घर तेथे पाहिले आणि पुष्कळांनी घरी जाऊन पुरोहितावाचून लग्ने लावली. नाटक पाहून प्रेक्षकाने आपल्या आयुष्यातला एक विधी बदलला, असे सांगता येणारे किती नाट्यप्रयोग जगाच्या इतिहासात सापडतील?

पण एक बदल असा झाला, की ज्याची चर्चा फारशी होत नाही. जलशातून नाची गेली. गौळणीतली राधा आणि मावशी पुरुषांच्या अंगावर आली. पुढे आंबेडकरी जलसे निघाले, नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी आणि इतरांनी ते गावोगाव नेले. तेथेही बाई नव्हती. याची कारणे ढोंगीपणाची नव्हती, हे आधीच स्पष्ट केले पाहिजे. फडात नाचणाऱ्या स्त्रिया महार, मांग, कोल्हाटी समाजांच्या. त्यांच्या नाचण्यावर दौलतजादा उधळणारे हात वाड्यावरचे. ज्यांना आपल्या समाजाची मान ताठ करावयाची होती, त्यांना आपल्याच बहिणीला त्या बोर्डावर उभी करणे कसे रुचावे?

या ठिकाणी पठ्ठे बापूरावांची हकीकत आठवते. रेठरे हरणाक्षचा श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हा ब्राह्मण तरुण वतन सोडून फडात शिरला, महारांच्या पंक्तीला जेवला, आणि हिवरगावच्या पवळेबरोबर त्याने मराठी मुलूख वेडा केला. जातिभेद मोडण्याचे व्याख्यान त्याने कधी दिले नसेल. त्याने तो राहून मोडला. मला हे पुष्कळ मोठे वाटते. परंतु असे सांगतात, की महाडच्या सत्याग्रहाच्या कामी आपल्या खेळांचे उत्पन्न देऊ करण्यास बापूराव डॉ. आंबेडकरांकडे गेले, तेव्हा बाबासाहेबांनी तो पैसा नाकारला : अस्पृश्य स्त्रियांना नाचवून मिळविलेला पैसा आम्हांला नको. दोघेही आपापल्या जागी खरे. एकाने कलेसाठी जात टाकली, दुसऱ्याने विचारले की या कलेची किंमत कोण भरते.

मात्र या प्रसंगी पवळा कोठे होती, असे विचारणारा मला अजून भेटलेला नाही. पैसा तिच्या पायांनी मिळविलेला, तो द्यावयास निघाले बापूराव, तो नाकारला बाबासाहेबांनी. कथेत तिला एक वाक्यही नाही. बापूरावांच्या लावण्यांचे संग्रह निघाले, त्यांच्यावर ग्रंथ झाले. पवळेचा आवाज कसा होता, अदा कशी होती, तिने कोणती लावणी कशी फिरविली, याचा अभ्यास म्हणावा असा कोठे आहे? रचनेचे श्रेय रचणाऱ्याला आणि नाचण्याची बदनामी नाचणारीला, हा आमच्या समीक्षेचाही व्यवहार राहिला आहे.

स्वातंत्र्य आले आणि पाठोपाठ मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर. सरकार आपले, गांधींच्या माणसांचे. ओरड झाली, तेव्हा दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधारण्यासाठी समिती नेमली गेली आणि बंदी सैल झाली. त्यानंतर वगाची संहिता आधी तपासून घेण्याची पद्धत पडली. समितीच्या विद्वानांविषयी मला आदर आहे. पण सुधारणेचा तो सगळा विचार शब्दांपुरता होता. कोणता शब्द वाह्यात, कोणता अभिरुचीला धरून, द्व्यर्थी विनोदाची मर्यादा कोणती. फडमालक बाईशी किती रुपयांवर ठरवितो, तिला उचल कोणत्या व्याजाने मिळते, खेळ संपल्यावर ती पहाटे कोठे निजते, हे प्रश्न परीनिरीक्षणाच्या कक्षेत येत नव्हते आणि आजही येत नाहीत. लावणीतला एखादा शब्द कापण्यास शासनाजवळ पेन्सिल होती. तिच्या राहुटीला भिंत देण्यास काही नव्हते.

त्याच सुमारास एक नवे नाव रूढ झाले : लोकनाट्य. हा शब्द किती सोज्वळ! ‘तमाशा’ म्हटले की भुवया चढत. ‘लोकनाट्य’ म्हटले की शिवाजी मंदिराचे तिकीट काढता येई. सेवादलाच्या कलापथकाने, पु. लं.च्या ‘पुढारी पाहिजे’ने, व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बिनबियांचे झाड’ने तमाशाचा बाज शहरी माणसाला पचविला, आणि १९६५ साली वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने व दादा कोंडक्यांनी त्याचा कळस केला. या नाटकांचा मी चाहता आहे. हवालदार आणि शिपाई यांच्या तोंडून राज्यकारभाराची अशी खिल्ली उडविणे सभागृहातल्या विरोधी पक्षालाही साधले नाही. पण त्यांत बाई परत आली ती नाट्यगृहाच्या चौकटीत, पहिल्या रांगेत सहकुटुंब बसलेल्या प्रेक्षकांच्या राखणीत. फडातली बाई जेथे होती तेथेच राहिली. मौज अशी, की शहराने शुद्ध करून घेतलेला शब्द फडांनी उलट उसना घेतला. नारायणगावी राहुट्यांवरचे फलक वाचा : अमुक-तमुक सह अमुक लोकनाट्य तमाशा मंडळ. दोन्ही शब्द शेजारी शेजारी. जणू कोणता चालेल याची खात्री नाही.

या सर्वांत अण्णा भाऊ साठ्यांची जागा वेगळी आहे, आणि त्यांच्यावर थोडे थांबले पाहिजे. वाटेगावच्या मांगवाड्यात जन्मलेला हा माणूस शाळेत दीड दिवस टिकला, चुलतभाऊ बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात त्याने उमेदवारी केली, गिरणीत काम केले. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णा भाऊंची मैनेची छक्कड आणि अमर शेखांचा पहाडी आवाज यांनी जे केले ते अग्रलेखांना साधले नसते, ही गोष्ट अग्रलेख लिहिणारेही मान्य करतील. अण्णा भाऊंनी गणातले देव काढून श्रमिकांना आणि मातृभूमीला वंदन केले; आणि गौळण समूळ वगळली. शेतकरी-कामकरी पुढे आला, नाची पुन्हा मागे राहिली.

परंतु अण्णा भाऊ फडात वाढलेले. त्यांनी जे बोर्डावरून वगळले ते त्यांच्या मनातून गेले नसावे. ‘वैजयंता’ ही त्यांची कादंबरी तमाशातल्या स्त्रीची कादंबरी आहे. १९६१ साली तिच्यावर चित्रपट निघाला, जयश्री गडकर गाजल्या, आणि मूळ पुस्तक ‘फकिरा’च्या तेजात झाकून गेले. कादंबरीकार या नात्याने मी कबूल करतो की ‘वैजयंता’ची घडण सैल आहे, योगायोग फार आहेत, खलपुरुष वेळेवर हजर होतात. तरीही त्यात एक गोष्ट आहे, जी आमच्या थोर थोर सामाजिक कादंबऱ्यांत मी शोधून दमलो : नाचणे हे तिचे काम आहे, असे लेखक मानतो. ते तिचे पतन नाही, तिचा त्यागही नाही. ती घाम गाळते आणि तिला त्या घामाचा मान हवा आहे. कलापथकाच्या बोर्डावर जे करण्यास चळवळीने वाव दिला नाही ते या लेखकाने कागदावर केले.

त्याच्यापुढे चित्रपटांतला तमाशा ठेवून पाहावा. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ साली आला आणि पुण्याच्या विजयानंदमध्ये शंभराहून अधिक आठवडे चालला. मग प्रत्येक निर्मात्याला फड हवासा झाला. १९७२ साली शांतारामबापूंनी ‘पिंजरा’ काढला. मूळ कल्पना १९३० च्या एका जर्मन बोलपटातली. तेथे एक प्रतिष्ठित शिक्षक गायिकेच्या नादाने धुळीस मिळतो, येथे आमचा आदर्श गुरुजी नाचणारणीपायी बरबाद होतो. गाणी अप्रतिम, डॉ. लागूंचा अभिनय अविस्मरणीय. पण मास्तर असल्यामुळे म्हणा, मला तो चित्रपट पाहताना नेहमी अवघडल्यासारखे होते. मास्तराच्या शीलाची केवढी काळजी! गाव मास्तराला देव मानते, फडाला गावाबाहेर हाकलते. आणि शेवटी प्रेक्षकाच्या डोळ्यांतले पाणी मास्तरासाठी असते. उलट दिशेने का कोणी चित्रपट काढत नाही? गावोगावच्या गुरुजींनी, पाटलांनी, सरपंचांनी किती फडातल्या बायकांचे आयुष्य मातीत घातले, त्याचा?

असो. आता नारायणगावास जाऊ. पाडव्याच्या आगेमागे तेथे फडांच्या राहुट्या लागतात. दूरदूरच्या गावांचे पंच जीप-टेंपोंतून येतात, राहुटीत सतरंजीवर बसतात, आणि गावच्या जत्रेसाठी सुपारी ठरते. चैत्र-वैशाखात या मुलखात एक रात्र अशी जात नाही की कोठे तरी ढोलकी वाजत नाही. अकादम्या आणि प्रतिष्ठाने दिल्ली-मुंबईस आहेत. संगीत नाटक अकादमी १९५३ पासून आहे, मुंबई विद्यापीठात लोककलेची अकादमी आहे. पण तमासगीर ज्या संस्थेवर जगतो ती ही : पंधरा-वीस पंच, गावची वर्गणी आणि एका कागदावरचा करार. हिला कोणी कलासंस्था म्हणत नाही. माझ्या मते महाराष्ट्रातली सर्वांत जुनी आणि सर्वांत व्यापक कलासंस्था हीच आहे, आणि समाजपरिवर्तनाचा प्रश्न तिलाच विचारावयास हवा.

कारण पंच काय मागतात? पूर्वी पहिला प्रश्न असे, वग कोणता? हल्ली असतो, मुली किती? सिनेमातली कोणती गाणी बसविली आहेत? वग अखेरीस, उरल्यासुरल्या वेळात. त्यात ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातून मोजक्या दिवसांपुरती बारापर्यंत सवलत. नियम रास्तच आहे, गावात दुखणेकरी असतात, परीक्षा असतात. पण तमाशाची बांधणीच अशी, की गण, गौळण, बतावणी, रंगबाजी होता होता मध्यरात्र उलटावी आणि वग पहाटेपर्यंत चालावा. घड्याळाने कापले ते नेमके वगाला. ज्या भागात हुंडा, सावकारी, दारू, भ्रष्ट पुढारी यांवर तमासगीर आपल्या बुद्धीने बोलत होता, तोच भाग गळाला आणि रंगबाजी तेवढी शाबूत राहिली. पोतदार समितीला जे गाळावयाचे होते ते राहिले, आणि जे राखावयाचे होते ते गेले! सहा वाजता खेळ सुरू करून वगाला त्याचा वेळ देता येणार नाही काय? येईल. पंचांनी करारात तसे लिहिले तर फडाला हवेच आहे.

आता विठाबाईंविषयी. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर, जन्म १९३५, निधन १५ जानेवारी २००२. भाऊ-बापूंच्या फडात वाढल्या, स्वतःचा फड चालविला, १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हातून सन्मान स्वीकारले. त्यांची एक गोष्ट महाराष्ट्रभर सांगितली जाते. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या. कळा येताच पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पदर खोचून पुन्हा बोर्डावर आल्या. ही गोष्ट सांगताना वक्त्याचा गळा दाटतो, श्रोते टाळ्या वाजवितात. कलेवरची निष्ठा म्हणून शाळेतल्या भाषणांतही मी ती ऐकली आहे.

मला त्या टाळ्यांचे कोडे उलगडत नाही. विठाबाईंचे धैर्य अलौकिक होते यात शंका नाही. पण नऊ महिने पुरे झालेली बाई बोर्डावर का होती, हे टाळी वाजविणाऱ्याने विचारू नये? सुपारी घेतलेली होती; खेळ मोडला तर गाव बिदागी देणार नाही, वर बोभाटा करणार; चाळीस-पन्नास माणसांची चूल त्या रात्रीच्या उत्पन्नावर. ही निष्ठा कलेवरची होती, तशी भुकेची सक्तीही होती. प्रसूतिलाभाचा कायदा देशात १९६१ साली झाला. १९७३ च्या दुरुस्तीने घोड्यांचे, कसरतींचे व इतर खेळ दाखविणाऱ्या आस्थापनाही त्यात घेतल्या गेल्या. म्हणजे कागदावर फडातल्या बाईचा विचार करता येण्याजोगी जागा पन्नास वर्षांहून अधिक काळ आहे. कोणत्या तमाशा परिषदेत, कोणत्या लोककला महोत्सवात या कलमाचा उच्चार झालेला माझ्या ऐकण्यात नाही. ‘तृतीय रत्न’मधली गरोदर कुणबीण जोशाच्या भीतीने नागवली गेली, विठाबाईंना भीती घालावयास जोशाची गरज पडली नाही, जत्रा पुरेशी होती.

अखेरच्या दिवसांत विठाबाई हलाखीत होत्या. दवाखान्याचा खर्च देणग्यांतून भागवावा लागला. त्यांच्या मागे शासनाने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, तो दर वर्षी दिला जातो. हा पुरस्कार चांगलाच आहे, ज्यांना मिळाला ते त्याला पात्र आहेत. पण जीवनाचा गौरव करण्याआधी जीवन चालविण्याची काही सोय, हा क्रम आपल्याकडे नेहमी उलटा लागतो. २०२० आणि २०२१ या दोन्ही साली करोनामुळे जत्रा बंद राहिल्या. त्या दोन चैत्रांत नारायणगावी राहुट्या लागल्या नाहीत. व्यापाऱ्याचा माल पडून होता तो पुढच्या वर्षी विकला गेला. नाचणाऱ्या पायांची दोन वर्षे पुढच्या वर्षाला विकता येत नाहीत. उचलीचे व्याज मात्र त्या दोन वर्षांतही चालू होते.

एका गोष्टीचा उल्लेख येथे करतो, ती शाळेची. शाळेत प्रवेशाच्या अर्जावर ‘पालकांचा व्यवसाय’ असा रकाना असतो. एका मुलीच्या आजीने तेथे ‘शेती’ असे लिहावयास सांगितले. त्यांच्याकडे गुंठाभर जमीन नव्हती, आणि मुलीची आई कोणत्या फडात आहे हे गावाला ठाऊक होते. मी लेखणी थांबविली, आजीने माझ्याकडे पाहिले, आणि मी ‘शेती’ असेच लिहिले. म्हातारीला आपल्या लेकीच्या कलेची लाज वाटत होती असे मला मुळीच वाटले नाही. घरी ती नातीला ठेके शिकवीत असे. तिला ठाऊक होते की वर्गात हाक कशी मारली जाईल. दसऱ्याला फड निघाले की अशी मुले आज्यांपाशी राहतात, किंवा आयांबरोबर ट्रकमधून जातात आणि हजेरीपटावर रेघ ओढली जाते. त्यांच्यासाठी वसतिगृह काढणे हे कलासंस्थेचे काम की शिक्षणखात्याचे, यावर कोणी वाद घालावयाचा असेल तर खुशाल घालावा.

मग कलावंताने समाज बदलूच नये काय, असे एखादा वाचक विचारील. अवश्य बदलावा. ओतूरच्या जलशाने बदलला, लाल बावट्याने बदलला, सेवादलाच्या पथकाने हसता हसता बदलला. मी त्यांचे ऋण मानतो. ज्या बाईच्या पायांवर हा सगळा रंगमंच शे-दोनशे वर्षे उभा राहिला, तिला वगळल्यावाचून सुधारणेचा एकही प्रयोग सुरू झाला नाही, इतकीच नोंद मला करावयाची आहे. कोणी अब्रूसाठी वगळली, कोणी तत्त्वासाठी, कोणी अभिरुचीसाठी. ज्यांनी वगळली नाही त्यांनी तिच्यावर पैसे उधळले. तिला कामाचा करार, दुखण्याची रजा, पोराची शाळा आणि वगात बोलण्यास चार वाक्ये, हे देऊन पाहिलेले नाही.

हे देणे अवघड आहे असे मला वाटत नाही, कारण करार दर वर्षी लिहिला जातोच. त्यावर गावाचे नाव, तिथी, रक्कम, विसार आणि फड किती वाजता पोहोचणार एवढे असते. त्याच कागदावर आणखी काही ओळी मावतात. खेळ संध्याकाळी सहाला सुरू होईल, वग पुरा होईल. बायकांना उतरावयास शाळेची खोली किंवा समाजमंदिर मिळेल, दाराला आतून कडी असेल. नाचताना बोर्डावर कोणी चढणार नाही; चढला तर पंच जबाबदार. खेळ गावाच्या चुकीने मोडला तरी बिदागी पुरी मिळेल. फडात कोणी बाळंतपणाला बसली असेल तर ती बोर्डावर दिसावी असा आग्रह गाव धरणार नाही. आमच्याकडचे पंच मंडळी समंजस आहेत, त्यांतले काही माझे जुने विद्यार्थी. माघात जत्रेच्या वर्गणीची बैठक बसते. या ओळी एका कोऱ्या कागदावर उतरवून मी तेथे नेणार आहे. एका पंचाने आताच विचारले आहे की गुरुजी, समाजमंदिराची किल्ली कोणाकडे ठेवावयाची.